जरा सरकून घ्या

रमजानच्या तिसऱ्या रात्रीची गोष्ट. आमच्या इथल्या मशिदीत तरावीहची तयारी चालली होती. तरावीह म्हणजे रमजानात रात्रीच्या नमाजेनंतर पढायची लांब नमाज. तिच्यात रोज थोडं थोडं करत महिनाभरात सगळं कुराण ऐकवून होतं. सुरुवातीच्या रात्री गर्दी फार असते. रांगा लागल्या होत्या, खांद्याला खांदा भिडला होता, आणि तेवढ्यात वजू करून ओल्याच हातांनी धावत आलेला एक मुलगा म्हणाला, "चाचा, जरा सरकून घ्या ना." रांगेतली माणसं दोन-दोन बोटं सरकली. मुलगा मावला. माझ्या शेजारी मुंबईहून आलेला माझा थोरला भाऊ उभा होता. तो समोर बघतच पुटपुटला, "नॉर्थ स्टँड."

मला हसू आलं आणि ते दाबता दाबता इमामसाहेबांची तकबीर झाली. घरी येताना मात्र आम्ही दोघं त्या दोन शब्दांवरच बोलत राहिलो. सहेरीपर्यंत.

नॉर्थ स्टँड म्हणजे मुंबईच्या वानखेडे स्टेडियमचा उत्तरेकडचा भाग. तुम्ही म्हणाल, तो तर आजही आहे, टीव्हीवर दिसतो. खरं आहे. नाव आहे, जागाही तीच आहे. पण आमचा नॉर्थ स्टँड पाडला. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेचं जे नूतनीकरण झालं, त्यात जुनं बांधकाम, विशेषतः उत्तर आणि दक्षिण बाजूचं, जमीनदोस्त झालं आणि वर पांढऱ्या छपराचं नवं स्टेडियम उभं राहिलं. देखणं आहे, हवेशीर आहे. जुन्यात सुमारे ४५ हजार माणसं बसत, नव्यात सुमारे ३३ हजार. हे जे बारा हजार कमी झाले, त्यांत आम्ही दोघं होतो अशी भाईजानची समजूत आहे.

आम्ही मूळचे कोकणातले, खेडकडचे. वडील मुंबईत गोदीत कामाला, खोली नळबाजाराजवळ. घरी कोकणी बोलायची, गल्लीत हिंदी-उर्दू, शाळेत मराठी. मोठ्या भावाला 'भाईजान' म्हणायची सवय गल्लीमुळे लागली. आमच्या गल्लीतून वानखेडे चालत पाऊण तासावर. क्रॉफर्ड मार्केट, धोबीतलाव, मेट्रो सिनेमा, मग मरीन लाइन्सच्या रुळांच्या कडेने पुढे. लोकलने गेलात तर मरीन लाइन्स आणि चर्चगेटच्या मध्ये डब्यातून स्टेडियमची पाठ दिसे, आणि सामन्याच्या दिवशी आतला गलका ऐकू आला की दारात लटकणारे एकमेकांना विचारत, "कोण गेला?"

वानखेडेचा जन्मच एका भांडणातून झाला, हे जुन्या वाचकांना माहीत असेल. मुंबईत आधी ब्रेबॉर्न होतं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. कसोटीची तिकिटं कुणाला किती, यावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांचं बिनसलं. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते विधानसभेचे सभापती शेषराव वानखेडे. त्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच बांधायला घेतलं आणि तेरा-चौदा महिन्यांत उभंही केलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडीजविरुद्ध. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारलं आणि लोक इतके खवळले की खेळ थांबवावा लागला. त्याच कसोटीत एकनाथ सोलकरने शतक काढलं. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा तो, मैदानाच्या कडेला झोपडीत वाढलेला. आणि भारताचा कर्णधार होता मन्सूर अली खान पतौडी, त्याची ती शेवटची कसोटी. वडील तेव्हा म्हणत, एका मॅचमध्ये नवाब पण आणि माळ्याचा पोर पण, असं दुसरीकडे कुठे दाखव.

वडिलांकडून ऐकलेली दुसरी गोष्ट ग्रहणाची. फेब्रुवारी १९८० मध्ये इंग्लंडशी सुवर्णमहोत्सवी कसोटी होती आणि १६ तारखेला सूर्यग्रहण. लोक घराबाहेर पडणार नाहीत, म्हणून त्या दिवशी खेळालाच सुट्टी दिली. त्याच सामन्यात पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला आपल्या विश्वनाथने परत बोलावलं. टेलर टिकला, बोथमबरोबर मोठी भागी झाली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. यावर नॉर्थ स्टँडात दोन पक्ष पडले होते म्हणे आणि दोन्ही पक्ष पुढची पंचवीस वर्षं भांडत होते.

नॉर्थ स्टँडची ख्याती अशी, की इथे बसणाऱ्याला खेळ कळतो. कळतो तो कळतो, वर तोंडही बंद राहत नाही. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक कितीही मोठा असो, त्याची फिरकी घेतली जाणारच. खुद्द तेंडुलकर मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद होऊन परत निघाला तेव्हा वानखेडेवर हुर्यो झाली. देशभर गहजब झाला. मला विचाराल तर मला ते आवडलं नव्हतं. पण भाईजान म्हणतो, घरातल्या मुलालाच माणूस रागावतो.

बसायची सोय म्हणाल तर यथातथाच. कडक बैठक, दिवसभरात पाठीचे मणके मोजता यावेत अशी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, आणि नॉर्थ स्टँडातला माणूस दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. म्हणजे सकाळी साडेनऊपासून ऊन तोंडावरच. समुद्र दोनशे पावलांवर, पण वारा आत यायचा नाही. मैदान म्हणजे तापलेली कढई. आणि माणसं कायम दाटीवाटीने. तुमचा नंबर काय, माझा काय, हे कोण बघतो? उशिरा येणारा पायरीच्या टोकाला उभा राहून म्हणायचा, "सरका जरा." आणि लोक सरकत. कुरकुरत सरकत, पण सरकत. जागा नाही हे उत्तर तिथे मी कधी ऐकलं नाही.

आता १९९३.

चांद्र वर्ष आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. यंदा तो फेब्रुवारीत सुरू झाला, तसा त्या वर्षीही फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाला होता. त्याच्या आधीचे दोन महिने मुंबईने जे पाहिलं ते इथे पुन्हा सांगत नाही. डिसेंबर आणि जानेवारीची दंगल. आमच्या गल्लीत कर्फ्यू, शाळा बंद, भाईजान ज्या मदनपुऱ्यातल्या बॅगांच्या कारखान्यात शिवणकाम करायचा तो बंद. जानेवारी संपला तरी आम्ही मुलं मोहल्ल्याबाहेर पाऊल टाकत नव्हतो. मी दहावीला होतो. परीक्षा महिन्यावर आलेली आणि पुस्तकात लक्ष नाही.

इंग्लंडचा संघ त्या वेळी दौऱ्यावर होता. मुंबईची कसोटी १९ फेब्रुवारीपासून. भाईजानच्या शेठकडे एक सीझन तिकीट होतं; पाच दिवसांचं एकच तिकीट, रोजचा एक तुकडा फाडून द्यायचा. शेठ म्हणाला, मी काही जात नाही, तू घे. आणखी एक तिकीट त्याने चौथ्या दिवसापुरतं कुठूनसं मिळवलं. वडील म्हणाले, काही नको. आई काहीच बोलली नाही, पण तिने अंडा-चपातीचा डबा भरला. आमच्या घरात हा हुकूमच असतो.

सोमवार, २२ फेब्रुवारी. रमजानचा चांद एक-दोन दिवसांवर आलेला. मेट्रो सिनेमापर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. तिथे सिग्नलला उभं असताना भाईजानने माझा खांदा धरला आणि म्हणाला, "आत गेल्यावर मला भाईजान म्हणायचं नाही. दादा म्हणायचं."

मी मान हलवली. त्याच्या वयाला एकवीस पूर्ण नव्हती, आता कळतं. तेव्हा तो मला फार मोठा वाटायचा आणि तो घाबरलाय हे कळल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

स्टँडात आमच्या डाव्या हाताला एक काका बसले होते. साठीचे असावेत, डोक्यावर घडी केलेला रुमाल, पायाशी पितळी डबा. गिरणीत होते, संपानंतर घरी बसले, असं त्यांनीच सांगितलं. बोलणं मालवणी. आम्हाला त्यांनी विचारलं, "खंयचे?" भाईजान म्हणाला, "खेडचे." त्यावर काका खूश. कोकणातला म्हटल्यावर पुढची चौकशी गाव, नदी, होडी, आंबा अशी गेली; नावावर आली नाही. भाईजान तरीही ताठ बसून होता. मी जपून, मोजून 'दादा' म्हणत होतो. "दादा, पाणी." "दादा, स्कोर किती?" तोंडात खडा ठेवून बोलावं तसं.

विनोद कांबळीच्या २२४ धावा झालेल्या होत्या. तेंडुलकरबरोबर त्याची १९४ धावांची भागी झाली होती, म्हणजे शारदाश्रमची शाळेची जोडीच कसोटीत खेळत होती, आणि नॉर्थ स्टँडला वाटत होतं हे सगळं आपणच घडवलंय. भारताच्या ५९१ झाल्या. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा काकांनी डबा उघडला. चपाती आणि सुक्या जवळ्याची चटणी. आम्हीही आमचा उघडला. त्यांनी न विचारता चटणी आमच्या चपातीवर ठेवली, आमच्यातलं अंडं उचललं. मागच्या रांगेतल्या एका मुलाने पेरू कापून मीठ-मसाला लावून पुढे पाठवला, तो चार रांगा फिरला. असा पेरू मी पुन्हा खाल्लेला नाही.

दुपारी आपण क्षेत्ररक्षणाला उतरलो. पुढे कर्णधार, मोहम्मद अझरुद्दीन. कॉलर वर, मान थोडी तिरकी, ती ढिली चाल. मी श्वास धरून बसलो होतो. पंधरा वर्षांचा होतो, पण एवढं कळत होतं की या शहरात या महिन्यात हे नाव घेऊन चाळीस हजार माणसांसमोर चालत येणं साधी गोष्ट नाही. दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, पाकिस्तानशी सामना होऊ नये म्हणून याच मैदानाची खेळपट्टी खोदून टाकली होती. काय ओरडतील लोक?

लोक ओरडले, "अझ्झू! अझ्झू!" आधी वरून कुठून तरी एक आवाज, मग दहा, मग सगळा स्टँड. त्याने एकदा मान वळवून बघितलं आणि पॅड बांधणाऱ्या माणसाला हाक मारावी इतक्या सहज स्लिपला हात केला. एवढंच. (अझरुद्दीनवर पुढे २००० साली बंदी आली आणि २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. त्याचा निवाडा ज्याने त्याने करावा. मी त्या दुपारचं सांगतोय.)

मग इंग्लंडचा एक गडी पडला. सगळे उठले, भाईजानही उठला, दोन्ही हात वर. गलका शमला तरी तो उभाच. आणि मी, खांद्यावर मणाचं ओझं दिवसभर घेऊन बसलेला मी, सगळं विसरून ओरडलो, "भाईजान! भाईजान, गेला!"

शब्द तोंडातून गेला आणि मी गार पडलो. भाईजानचे हात वरच राहिले. आमच्या आजूबाजूच्या पाच-सात जणांनी ऐकलं असणार, कारण मी काही हळू बोललो नव्हतो. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "तुझ्या भाईजानाक सांग, खाली बस म्हणान. माका दिसना नाय."

मागून कुणीतरी हसलं. भाईजान बसला. काका थोडे सरकले, तो उठल्यामुळे कमी झालेली जागा परत करून दिली. पुढच्या षटकाच्या आत सगळा स्टँड 'गणपती बाप्पा' म्हणत होता आणि 'मोरया' म्हणणाऱ्यांत आम्ही दोघं होतो. मुंबईच्या पोराला ते शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आपण एक डाव आणि १५ धावांनी जिंकलो, मालिका ३-० अशी. ते आम्ही रेडिओवर ऐकलं. मग रमजान सुरू झाला आणि त्या रमजानातच १२ मार्चचा शुक्रवार उजाडला, बॉम्बस्फोटांचा. पुन्हा दारं बंद. घरात भाईजान मला चिडवायला मधूनच म्हणायचा, "माका दिसना नाय." आई विचारायची, हे काय नवीन. आम्ही तिला सांगितलं नाही. काकांचं नाव आम्हाला माहीत नाही. त्यांनी आमचं विचारलं नव्हतं, मग आम्ही तरी कसं विचारणार?

मधली दहा-अकरा वर्षं भराभर गेली. मी डी.एड. करून या गावात शिक्षक झालो. भाईजान मुंबईतच राहिला. सामने आम्ही बघत होतो, पण दोघांनी मिळून पुन्हा वानखेडेला जायला २००४ उजाडलं. ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी, ३ नोव्हेंबरपासून. रमजान चालू होता आणि दिवाळी आठवड्यावर. मला दिवाळीची सुट्टी लागली होती. तिसऱ्या दिवसाचं तिकीट मिळालं. वार शुक्रवार.

रोजा ठेवून दिवसभर उन्हात कसोटी बघणं हा शहाणपणा नाही, हे आईने सहेरीला सांगून पाहिलं. पहाटे पाचला दोन पराठे, दही, चहा. त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा थेंब नाही. स्टेडियमच्या दारावर पाण्याच्या बाटल्या काढून घेत होते, लोक वैतागले होते. आम्हाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. खिशात फक्त खजुराची पुडी. पोलिसाने ती उघडून बघितली, म्हणाला, "रोजा? आत लई तापतंय बघा." आणि पुडी परत दिली.

ज्यांनी तो दिवस बघितला त्यांना मी काय सांगावं! पहिल्या दिवशी पावसामुळे जेमतेम अकरा षटकं झालेली. आपण पहिल्या डावात १०४, ते २०३. खेळपट्टी अशी की चेंडू पडला की धूळ उडायची. तिसऱ्या दिवशी आपला दुसरा डाव २०५ वर संपला, त्यात लक्ष्मणच्या ६९ आणि तेंडुलकरच्या ५५, आणि मायकल क्लार्क नावाचा तेव्हाचा पोरगा, मुळात फलंदाज, ९ धावांत ६ बळी घेऊन गेला. ऑस्ट्रेलियाला जिंकायला हव्या होत्या फक्त १०७. मालिका ते आधीच जिंकले होते. शेजारचा म्हणाला, चला, चारला घरी. भाईजान म्हणाला, "थांबा. शुक्रवार आहे."

शुक्रवार होता आणि आमची जुम्याची नमाज चुकली, हे इथे कबूल करतो. बाहेर गेलं तर परत आत सोडत नव्हते. जुम्याला जमात लागते, ती चुकली तर जोहरची नमाज पढायची. ती आम्ही स्टँडखालच्या बोळात, वर्तमानपत्र अंथरून पढलो. क्रीडा पानच निघालं नेमकं, ते मी उलटं केलं. एक वडापाववाला आपली टोपली बाजूला घेऊन उभा राहिला, येणाऱ्याजाणाऱ्यांना हाताने वळसा घालायला सांगत. आम्ही सजद्यात असताना वर असा काही आवाज झाला की छत हललं. सलाम फेरल्यावर भाईजानने पहिला प्रश्न त्या वडापाववाल्याला विचारला, "क्या हुआ?"

तीनच्या पुढे घसा असा सुकला होता की ओरडणं जमेना. पण ओरडायला लागत नव्हतं, बाकीचे होते. श्रीरामपूरचा झहीर खान, हरभजन, मुरली कार्तिक. गडी पडत गेले. पुढे बसलेल्या गुजराती कुटुंबातल्या बाई सारख्या मागे वळून आम्हाला म्हणायच्या, "तुम्ही प्रार्थना करा, उपाशी माणसाची लवकर ऐकतात." भाईजान म्हणाला, "बेन, त्यांच्यातही कोणी उपाशी असेल." ऑस्ट्रेलिया ९३ वर सर्वबाद. आपण १३ धावांनी जिंकलो. एका दिवसात वीस गडी.

माणसांच्या लोंढ्यात आम्ही मरीन ड्राइव्हला बाहेर पडलो. सूर्य बुडायला वेळ होता. कट्ट्यावर जागा नव्हती. भाईजानने म्हटलं, "सरका जरा," आणि जागा झाली. तो सूर्य समुद्रात उतरताना मी जितक्या बारकाईने पाहिला तितका कधी पाहिला नाही, कारण त्याच्यावरच सगळं अवलंबून होतं. सहा वाजून गेल्यावर पुडी सोडली. शेजारी कॉलेजची मुलं होती, चेहऱ्यावर तिरंगा रंगवलेली. त्यांनाही खजूर दिले. एकाने पाण्याची बाटली पुढे केली, अर्धी उष्टी, कोमट. भाईजान आजही म्हणतो, हज केलं, जमजम प्यालो, पण पाण्याची चव म्हटलं की आधी ती बाटली आठवते. तौबा, म्हणतो, आणि पुन्हा तेच सांगतो.

त्यानंतर तो दम्मामला गेला, नोकरीसाठी. २००८ पासून स्टेडियमचं काम निघालं. मी एकदा कामासाठी मुंबईला गेलो असताना लोकलच्या दारातून पाहिलं. नॉर्थ स्टँडच्या जागी आभाळ होतं. तुटलेल्या सिमेंटमधून गजांची टोकं बाहेर आलेली, खाली मातीचे ढिगारे. मरीन लाइन्स ते चर्चगेट दोन मिनिटांचं अंतर, तेवढ्यात बघून व्हायला हवं होतं. शेजारचा एकजण कुणाला उद्देशून न बोलता म्हणाला, "इथेच रडला होता वेंगसरकर." मे १९९१ चा रणजी अंतिम सामना तो म्हणत होता. हरयाणाविरुद्ध ३५५ हव्या होत्या, वेंगसरकर नाबाद १३९ आणि मुंबई दोन धावांनी हरली. डब्यातल्या तीन जणांनी माना हलवल्या.

२ एप्रिल २०११ ची रात्र सगळ्यांना पाठ आहे. अंतिम सामन्याची जेमतेम चार हजार तिकिटं सर्वसामान्यांसाठी विक्रीला होती असं तेव्हा छापून आलं होतं. मी इथे, गावात, चौकातल्या पडद्यावर पाहिला. झहीरने पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकली, सहा धावा दिल्या, एक बळी. धोनीचा षटकार गेला तेव्हा दम्मामहून फोन आला. भाईजान रडत होता आणि विचारत होता, "बॉल कुठे पडला? आपल्या बाजूला पडला का?" मी म्हटलं, आपली बाजू आता कुठे राहिली.

तो परत आल्यावर एका हिवाळ्यात आम्ही रणजीचा सामना बघायला गेलो. रणजीला फुकट सोडतात. नवा नॉर्थ स्टँड जवळजवळ रिकामा. वर छप्पर, सावली, वारा खेळता. प्रत्येकाला वेगळी खुर्ची, जमिनीत पक्की बसवलेली. भाईजानने पायऱ्या मोजून आपली जुनी जागा शोधायचा प्रयत्न केला. हिशेब लागेना. शेवटी अंदाजाने बसलो. "आराम आहे," तो म्हणाला. खरंच होता. माझ्या पाठीला तरी होता. मग तो खुर्चीची कड चाचपून म्हणाला, "पण इथे कुणी आलं तर सरकायचं कसं?"

तासाभराने एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत वर आले. आमच्या रांगेशी थांबले. आजूबाजूला शेकडो खुर्च्या मोकळ्या. तरीही भाईजान सवयीने उठून एक खुर्ची पलीकडे सरकला. म्हातारे बसले, मधे एक खुर्ची रिकामी सोडून. थोडा वेळ समोर बघत राहिले, मग डोळ्यांवर हात धरून फलक वाचायचा प्रयत्न केला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "किती झाले हो? मला इथून दिसत नाही."

भाईजान मधल्या खुर्चीवर आला आणि त्यांना स्कोर सांगू लागला.